सत्तेचाळीस नंबरच्या टेबलाखाली

च्युइंगमचे फायदे सांगणारा माणूस वरच्या मजल्यावर आणि तोटे सांगणारी बाई खालच्या मजल्यावर राहत असेल, तर मधल्या मजल्यावरच्या माणसाने एक तर घर बदलावं, नाहीतर सगळे दात काढून मोकळं व्हावं. नोंदकाकांनी यातलं काहीच केलं नाही. ते मधल्याच मजल्यावर राहिले, दात शाबूत ठेवले आणि च्युइंगम चघळलं. पुढे जे झालं ते सगळं सरकारी कागदावर सही-शिक्क्यानिशी आलेलं आहे, तेव्हा आम्ही त्यात पदरचं काही घालतोय असा संशय कोणी घेऊ नये.

नोंदकाका हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. एका सरकारी कचेरीत ते तेवीस वर्षं भांडारपाल होते. कचेरीतली खुर्ची, टेबल, कपाट, पंखा, पाण्याचं पिंप, भिंतीवरचं घड्याळ आणि त्या घड्याळामागचा खिळा, सगळं त्यांच्या वहीत. या वहीला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. वस्तू डोळ्यांना दिसत असली पण वहीत नसली, तर ती नाही असंच समजायचं असतं. मागे एका साहेबांनी रुजू झाल्याच्या दिवशी हौसेने घरची कुंडी आणून खिडकीत ठेवली होती. संध्याकाळपर्यंत काकांनी कुंडीला नंबर घातला. दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली, साहेब गेले, कुंडी राहिली. तोंडावर लोक त्यांना भांडारसाहेब म्हणत आणि पाठ वळली की नोंदकाका. हे त्यांना ठाऊक होतं, पण वहीत नसल्यामुळे ते तिकडे लक्ष देत नसत.

अशा या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दार असलेली खोली. तेवीस वर्षं ते मोठ्या हॉलमध्ये मधोमध बसत होते. येणारा-जाणारा त्यांच्या टेबलाच्या कडेवर टेकायचा, त्यांच्याच पेनाने स्वतःचा अर्ज लिहायचा, पेन खिशाला लावून निघून जायचा. डबा उघडला की आज काय आणलंय म्हणून तिघेजण वाकून बघायचे. यापैकी एकानेही कधी "येऊ का?" असं विचारलेलं नव्हतं. हॉलच्या टोकाला भांडार अधीक्षकाची खोली होती. एक खिडकी, एक पंखा आणि एक दार, आतून कडी असलेलं. आठ महिन्यांपासून ती जागा रिकामी होती आणि मुख्यालयाने तिच्यासाठी काकांचं नाव सुचवलं होतं. अट एवढीच, की यंदाच्या वार्षिक पडताळणीत वहीवर एकही शेरा येता कामा नये. काकांच्या वहीवर तेवीस वर्षांत शेरा आलेला नव्हता. जेवण झाल्यावर ते हल्ली रोज त्या दारापाशी शतपावली करत.

पडताळणीला तीन आठवडे असताना त्यांची डावीकडची खालची दाढ तुटली. दातांच्या डॉक्टरांनी तिच्यावर टोपी बसवली आणि जबडा दाबून पाहिला. जबडा इतका ताठ होता की डॉक्टरांचंच बोट दुखलं. "तुम्ही दात आवळून बसता का?" त्यांनी विचारलं. काका नाही म्हणणार तेवढ्यात सोबत आलेल्या बायकोने सांगितलं, "तेवीस वर्षं. दहा ते सहा." डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं नाही. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं बिनसाखरेचं च्युइंगम चघळा, जबडा आपोआप सुटेल, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

पंचावन्नाव्या वर्षी च्युइंगम. काकांनी ती चिठ्ठी घरी येईपर्यंत चारदा घडी घालून खिशात ठेवली आणि चारदा काढून वाचली. दुकानदाराने "नातवासाठी का?" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं. त्यांना नातू नव्हता. दुकानदाराने मग आपणहून आत वाघाचं चित्र असलेला प्रकार दिला. हे चित्र ओलं करून दंडावर लावायचं असतं, असं त्याने समजावूनही सांगितलं. काकांनी तेही नीट ऐकून घेतलं, कारण आता माघार घेता येत नव्हती.

ही बातमी जिन्यावर कशी पोचली कोण जाणे, पण पोचली. वरच्या मजल्यावरचे मास्तर जन्मभर शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि वर्ग सुटल्याचं दुःख त्यांना अजून होतं. ते काकांना जिन्यात गाठून फायदे सांगू लागले. लाळ सुटते, अन्न पचतं, मेंदूला रक्त पोचतं, चित्त एकाग्र होतं, विमानात कानाला दडे बसत नाहीत. काका कधी विमानात बसलेले नव्हते, तरी मास्तरांनी तो मुद्दा दोनदा सांगितला. खालच्या मजल्यावर वाचनालयातल्या काकू राहत. त्यांनी दार किलकिलं करून हे सगळं ऐकलं आणि मास्तर वर गेल्याबरोबर तोटे सांगितले. गिळलं तर सात वर्षं पोटात राहतं. जबडा पहिलवानासारखा होतो. त्यांच्या भाच्याच्या केसात अडकलं होतं, तर पोराचं अर्धं डोकं भादरावं लागलं. आणि मुख्य म्हणजे माणूस हलका दिसतो. पोट, जबडा आणि भाचा यांचं काकांना विशेष काही वाटलं नाही. पण हलका दिसतो हे त्यांच्या मनाला लागलं.

म्हणून त्यांनी पुरेपूर काळजी घेतली. च्युइंगम घरीच कागदातून सोडवून बायकोच्या गोळ्यांच्या डबीत ठेवायचं, म्हणजे खिशात पुरावा नको. अकरा वाजता नोंदवही उभी उघडून तिच्याआड तोंड घालायचं. पंधरा मिनिटं चघळायचं आणि बाहेर जाऊन टाकून यायचं. समोर टायपिस्ट बसे. ती दिवसभर उघडपणे च्युइंगम चघळत टाइप करायची, ओळ संपली की फुगा काढायची. काकांनी या फुग्यांबद्दल तिला पूर्वी दोनदा बोलून दाखवलं होतं. आता ते वहीआड असले की ती टाइप थांबवून वहीकडे बघत राही.

पडताळणी सोमवारी सुरू व्हायची होती. शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी, चघळणं ऐन रंगात आलेलं असताना, साहेबांच्या खोलीतून निरोप आला की असाल तसे या. काकांनी कचरापेटी शोधली. हॉलमध्ये सहा कचरापेट्या होत्या, पण त्यांच्या कडा चिरल्या म्हणून खुद्द काकांनीच त्या सहाही आदल्या आठवड्यात निर्लेखनाला, म्हणजे मोडीत काढायला, पाठवल्या होत्या. खिशात कागदाचा कपटा नव्हता. वहीचं पान फाडणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने खुनाच्या पातळीचा गुन्हा. गिळावं, तर सात वर्षं. साहेबांच्या शिपायाने पुन्हा दारातून डोकावून पाहिलं. अशा वेळी माणूस जे करतो तेच काकांनी केलं. बोटांनी तोंडातलं काढलं आणि दोन मिनिटांपुरतं म्हणून टेबलाखाली चिकटवलं.

आता इथे थोडं थांबून नंबरांबद्दल सांगायला हवं. टेबलांचे नंबर पूर्वी टेबलावर असत आणि कोपर घासून घासून पुसले जात. सहा वर्षांपूर्वी काकांनी सुधारणा केली. फळीच्या खालच्या बाजूला, बसणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यापाशी, पांढऱ्या रंगात नंबर. सगळे नंबर त्यांनी स्वतः उताणं झोपून रंगवले होते. त्यांच्या टेबलाचा नंबर होता सत्तेचाळीस. म्हणजे एक चार आणि एक सात. च्युइंगम नेमकं साताच्या डोक्यावर बसलं आणि अंगठ्याने दाबल्यामुळे पायापर्यंत पसरलं.

साहेबांच्या खोलीत मुख्यालयाच्या तपासनीसबाई बसल्या होत्या. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात गुडघ्याखाली घ्यायची छोटी उशी. अचानक आल्याशिवाय पडताळणीला अर्थ नाही म्हणून त्या तीन दिवस आधी आल्या होत्या. पडताळणी आत्ता, अकरा-पंधराला सुरू झाली असं त्यांनी जाहीर केलं आणि अभिलेख खोलीपासून सुरुवात केली. तिथे चार नंबरचं टेबल होतं, त्यावर त्यांनी खूण केली.

म्हणजे काकांना हॉलमध्ये परतायला आणि टेबलाखाली हात घालायला तब्बल सहा मिनिटं मिळाली. त्यांनी हात घातलाही. एका हाताने पट्टी घेतली, बोटांना तो मऊ गोळा लागला, आणि तेवढ्यात त्यांना परिपत्रक क्रमांक अकरा आठवलं. कलम सात: पडताळणी सुरू झाल्यावर कोणत्याही वस्तूला लागलेली, चिकटलेली वा जडलेली गोष्ट समितीच्या लेखी आदेशाशिवाय कोणीही काढू, खरवडू, पुसू वा झाकू नये. हे परिपत्रक नऊ वर्षांपूर्वी काकांनीच लिहिलं होतं. "चिकटलेली" हा शब्द मसुद्यात नव्हता, तो त्यांनी विचार करून मागाहून घातला होता. दुसरा कोणी असता तर एका झटक्यात खरवडून मोकळा झाला असता. काकांचा हात पुढे जाईना. पट्टी तशीच धरून ते सहा मिनिटं टेबलाखाली हात घालून बसले, आणि समोरून टायपिस्ट ते पाहत होती.

मग बाई हॉलमध्ये आल्या. कलम दोनप्रमाणे भांडारपालाने भिंतीशी उभं राहायचं असतं, तसे काका उभे राहिले. बाई एकेका टेबलाखाली उशी टाकून गुडघ्यावर बसत, बॅटरी मारत, आकडा वाचत. काकांच्या टेबलाखाली त्या बराच वेळ राहिल्या.

"चार नंबरचं टेबल इथं कसं?" आतून आवाज आला. "ते तर मी आत्ताच तिकडे पाहिलं."

"ते सत्तेचाळीस आहे," काका म्हणाले.

"इथं चार दिसतोय. पुढे काहीतरी जडलंय."

"त्याच्याखाली सात आहे."

बाई बाहेर आल्या. गुडघे झटकत त्यांनी अतिशय आदराने सांगितलं, "भांडारसाहेब, झाकलेला आकडा मला वाचता येत नाही, आणि न वाचलेला लिहिता येत नाही. तुमचंच कलम आठ. फार सुरेख परिपत्रक आहे. आम्ही मुख्यालयात ते नव्या लोकांना शिकवतो."

काकांना एक क्षणभर अभिमान वाटला. दुसऱ्या क्षणी बाईंनी कागदावर लिहिलं की चार नंबरचं टेबल एक जास्त, सत्तेचाळीस नंबरचं टेबल गहाळ.

गहाळ वस्तूसाठी छापील अर्ज असतो. तो काकांनी भरला, कारण तो भरणं भांडारपालाचं काम होतं. वस्तू शेवटची कुठे पाहिली, या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे "माझ्यासमोर" असं लिहिलं. वस्तू सध्या कुठे असावी असा अंदाज आहे, या रकान्यातही "माझ्यासमोर" असंच लिहावं लागलं. साहेबांनी "उत्तर समाधानकारक नाही" असा शेरा मारून अर्ज परत केला. तेवीस वर्षांतला हा पहिला शेरा. काकांनी तो उभ्या उभ्याच वाचला, कारण टेबल बेवारस ठरल्यामुळे तिथे बसायला मनाई झाली होती.

टेबलाखालची वस्तू काढली की प्रश्न मिटणार होता. पण काढायला समितीचा आदेश हवा. समिती नेमायला पडताळणीचा अहवाल हवा. अहवाल पुरा व्हायला गहाळ टेबल सापडायला हवं. आणि टेबल सापडायला ती वस्तू काढायला हवी. बाईंनी हे सगळं एका कागदावर बाण काढून दाखवलं आणि बाण पुन्हा जिथून निघाला तिथेच आला. साहेबांनी बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलं. मग ते म्हणाले की निदान हे चिकटवलं कोणी एवढं कळलं, तर त्याच्या जबाबाच्या आधारे काही करता येईल. हॉलमधल्या सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. टायपिस्टच्या तोंडात त्या वेळीही च्युइंगम होतं.

तिने फुगा काढायचं थांबवलं. मी नाही, एवढंच ती म्हणाली. पण हॉलमध्ये च्युइंगम चघळणारी ती एकटी, असं सगळ्यांचं मत पडलं. पुढच्या महिन्यात तिला नोकरीत कायम करायचा कागद निघायचा होता. साहेबांनी तिला लेखी ज्ञापन दिलं: उद्या अकरापर्यंत खुलासा करावा, अन्यथा कायम करण्याचा प्रस्ताव रोखला जाईल. काका भिंतीशी उभे होते. त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण जबडा असा काही बसला की दातांच्या डॉक्टरांनाच बोलवावं लागलं असतं. हॉलच्या टोकाला ती खोली दिसत होती. दार बंद होतं. एक शब्द न बोलता उभं राहिलं, की सोमवारपर्यंत टायपिस्टचा जबाब होणार, गोळा निघणार, टेबल सापडणार, तो शेराही खोडला जाणार, आणि दार उघडणार.

सहा वाजता पाण्याच्या पिंपापाशी टायपिस्ट त्यांच्या शेजारी आली. तिने पेला भरला, पण प्यायली नाही.

"मी तुम्हाला पाहिलं होतं, भांडारसाहेब," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही सांगाल असं मला वाटलं होतं."

काका पिंपाचं झाकण सरळ करू लागले. पेला जागेवर ठेवून ती गेली. पेल्याचा नंबर काकांनी सवयीने पाहिला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

घरी जाताना जिन्यात खालचं दार किलकिलं झालं आणि काकूंनी विचारलं की झाला ना काहीतरी तोटा. वरून मास्तरांनी कठड्यावरून वाकून विचारलं की एकाग्रतेत काही फरक वाटतो का. काकांनी दोघांनाही हो म्हटलं, कारण दोन्ही खरं होतं. जेवताना त्यांनी बायकोला गोष्ट सांगितली, पण दुसऱ्याच कुठल्या कचेरीतल्या कुणा भांडारपालाची म्हणून सांगितली. बायकोने तिच्या गोळ्यांची डबी टेबलावर ठेवली. तिच्या तळाला पांढरा च्युइंगमचा चुरा होता.

"सांगू नका कुणाला," ती म्हणाली. "खोली मिळेल. दार लावून बसाल आत. बाहेरच्यांना काही दिसायचं नाही. आत कोण बसलंय ते फक्त तुम्हाला ठाऊक असेल."

काकांनी पुढचा घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत ते साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच सांगितलं, की ते च्युइंगम माझं आहे. आयुष्यात इतकं लहान वाक्य बोलायला त्यांना कधी इतका त्रास झाला नव्हता. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले की भांडारसाहेब, तुम्ही मनाने फार मोठे आहात, पण कुणाला तरी वाचवायला म्हणून हा कलंक स्वतःवर घेऊ नका. तपासनीसबाईंनीही मान डोलावली. ज्या माणसाने कलम सात लिहिलं, त्याच्या हातून हे होणं त्यांना अशक्य वाटत होतं. काकांनी शपथ घेतली. बाई म्हणाल्या, शपथेला रकाना नाही, पुरावा लागेल. अशा रीतीने काकांवर स्वतःचा गुन्हा सिद्ध करून दाखवायची वेळ आली, आणि तेवीस वर्षांची अब्रू पदोपदी आडवी येऊ लागली.

पुरावा होता, आणि तो जागच्या जागी चिकटलेला होता. गोळ्यावर दाढेचा ठसा असणार, दाढेवर टोपी, आणि टोपी कोणी बसवली हे सांगणारा डॉक्टर गावात हयात. बाईंना ही कल्पना पटली. वस्तूला हात न लावता जागेवरच पंचनामा करायचा ठरला. पंच कचेरीबाहेरचे हवेत, म्हणून काकांनी धावपळ करून ज्यांना आणता आलं त्यांना आणलं, म्हणजे मास्तरांना आणि काकूंना.

दुपारी दोन वाजता हॉलमधली सगळी कामं बंद पडली. डॉक्टरांनी कपाळावर दिवा बांधला, कोट काढला आणि ते टेबलाखाली उताणे झोपले. सवयीने ते टेबलाला म्हणाले, "आ करा." मग स्वतःच वर सरकून जवळून पाहू लागले. एका बाजूने मास्तर आणि दुसऱ्या बाजूने काकू गुडघ्यांवर बसून आत डोकावत होते. बाईंची उशी एकच असल्यामुळे ती आधी कोणी घ्यायची यावर पाच मिनिटं गेली.

पंचनाम्यात वस्तूचं वर्णन दोन्ही पंचांच्या संमतीने लिहावं लागतं. मास्तरांनी सांगितलं, लिहा, एक आरोग्यदायी पदार्थ. काकू म्हणाल्या, लिहा, एक घातक पदार्थ. मास्तरांनी लाळेचा मुद्दा काढला. काकूंनी भाच्याचं डोकं काढलं. मास्तर म्हणाले, याच पदार्थामुळे या गृहस्थांच्या जबड्याला आराम आहे. काकूंनी विचारलं, जबड्याला आराम आहे, पण बाकीच्या माणसाचं काय झालंय ते दिसतंय ना. सगळ्यांनी भिंतीशी उभ्या काकांकडे पाहिलं. शेवटी बाईंनी कागदाच्या मधोमध रेघ मारली, एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे असं लिहिलं आणि दोघांचं म्हणणं जसंच्या तसं उतरवून घेतलं. विमानातल्या कानाच्या दड्यांसकट पंचनामा साडेचार पानं झाला. सरकारी दप्तरात या विषयावर इतकं सविस्तर दुसरं काही नसावं.

मग डॉक्टरांनी काकांना टेबलाखाली बोलावलं, त्यांचं तोंड उघडलं, एकदा दाढ पाहिली, एकदा गोळा पाहिला. असं सात वेळा केलं. संपूर्ण हॉल वाकून बघत होता. तेवीस वर्षं लोकांनी काकांचा डबा पाहिला होता, आज त्यांनी दाढाही पाहिल्या. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की यात शंकाच नाही, हा ठसा माझ्याच टोपीचा आहे, कडेला हलकीशी खाच राहिली होती. मला वाटलं होतं कुणाच्या लक्षात येणार नाही.

टायपिस्टचं ज्ञापन त्याच मिनिटाला मागे घेण्यात आलं. ती काकांजवळ आली नाही. तिने मशीनवर नवा कागद चढवला आणि पूर्वीपेक्षा दुप्पट वेगाने टाइप करायला लागली. काकांना ते पुरेसं वाटलं, आणि नंतर एकदा स्वच्छतागृहात तोंड धुताना डोळेही धुवावे लागले.

काकांच्या कबुलीच्या आधारे बाईंनी गहाळ टेबल सापडल्याचं मान्य केलं. पण गोळा काढायला मात्र नकार दिला. तो आता नुसता गोळा उरला नव्हता, पंचनामा झालेली वस्तू होता, आणि कलम नऊप्रमाणे अशी वस्तू मुख्यालयाचा अंतिम निर्णय येईपर्यंत जागची हलवता येत नाही. ज्या टेबलाला ती जडली आहे, ते टेबल कुलूप लागेल अशा बंद खोलीत सुरक्षित ठेवायचं असतं. कचेरीत कुलूप लागेल अशी रिकामी खोली एकच होती.

चार माणसांनी सत्तेचाळीस नंबरचं टेबल उचललं आणि भांडार अधीक्षकाच्या खोलीत नेऊन खिडकीसमोर ठेवलं. दाराला कुलूप लागलं, कुलपाला लाख लागली. काकांची बढती अंतिम निर्णयापर्यंत स्थगित झाली. मुख्यालयात असे निर्णय साधारण अकरा वर्षांनी होतात आणि काकांची निवृत्ती तीन वर्षांवर होती, हे गणित हॉलमध्ये सगळ्यांनी मनातल्या मनात केलं, पण कोणी बोलून दाखवलं नाही. काकांना आता टेबलच राहिलं नव्हतं. नव्या टेबलाची मागणी गेली होती. तोवर ते याच्या-त्याच्या टेबलाच्या कडेवर टेकून नोंदवही लिहीत, आणि टेकण्याआधी प्रत्येकाला विचारत. लोकांना सुरुवातीला ते काय विचारतात तेच कळायचं नाही.

घरी बायको त्या दिवशी ताट वाढल्यावर जरा वेळ समोर बसून राहिली. मास्तरांनी आणि काकूंनी पंचनाम्याची एकेक नक्कल मागून घेतली. आपलीच बाजू ग्राह्य धरली गेली असं दोघांचंही ठाम मत होतं.

महिना गेला. मग बाईंचं पत्र आलं. कलम नऊ, पोटकलम तीन: अशा वस्तूची तपासणी तिचा ताबेदार, म्हणजे या प्रकरणी भांडारपाल, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी करील. तपासणी पूर्ण एक तास चालेल. त्या वेळी दार आतून बंद असावं आणि ताबेदाराच्या परवानगीशिवाय कोणीही, दर्जा कितीही असो, आत येऊ नये. हे पोटकलम काकांनीच लिहिलं होतं, पण नऊ वर्षांत त्याची कधी गरज न पडल्यामुळे ते स्वतःच विसरून गेले होते.

पहिल्या सोमवारी अकरा वाजता त्यांनी लाख तोडली, कुलूप काढलं, आत गेले आणि दार लावलं. कडी जरा घट्ट होती. खोलीत टेबल होतं, पण खुर्ची नव्हती, म्हणून त्यांनी बाहेरून एक मागून आणली होती. ती टेबलाशी लावून ते बसले. नियमाप्रमाणे वाकून गोळा पाहिला. तो सुकून टणक झाला होता आणि साताचं एक टोक त्याच्याखालून दिसू लागलं होतं. वहीत त्यांनी "वस्तू जागेवर आहे" असं लिहिलं. याला दोन मिनिटं लागली. अठ्ठावन्न मिनिटं उरली. खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं. कोणी पेन मागत नव्हतं. काकांनी पाय लांब केले आणि तोंड किंचित उघडं ठेवून नुसतेच बसून राहिले.

अकरा वीसला दारावर टकटक झाली. हलक्या हाताने, दोनदा.

"भांडारसाहेब," बाहेरून साहेबांचा आवाज आला. "एक सही हवी होती. आत येऊ का?"

काका ताठ बसले. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, वही सरळ केली, पेन वहीशेजारी ठेवलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत ते म्हणाले, "जरा थांबा."

साहेब थांबले.